चिल्लर राक्षसांचे हुन्नर

रावणाची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत. त्याच्यावर महाकाव्ये झाली, नाटके झाली, त्याची बाजू मांडणारे ग्रंथही झाले. पण जो राक्षस पहिल्याच बाणाला आडवा होतो, ज्याचे नाव खुद्द कथेकरीबुवांनाही आठवत नाही, जनस्थानात खराबरोबर आलेल्या चौदा हजारांपैकी जो एक असतो आणि एका अर्ध्या ओवीत सर्वांबरोबर मरून जातो, त्याची चौकशी आजवर कोणी केली आहे काय?

मी केली आहे. गेली दोन वर्षे मी हाच उद्योग करीत आहे. वसतिगृहातील मित्र मला ‘मास्तर’ म्हणतात ते अभ्यासामुळे नव्हे (आमचे प्राध्यापक ही ओळ वाचून मान डोलावतील!), तर या उद्योगामुळे.

झाले असे की, माझ्या मावसभावाने पुण्याच्या रद्दीच्या दुकानातून दोन जाडजूड इंग्रजी पुस्तके उचलली आणि दिवाळीत ती माझ्या गळ्यात मारली. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाची ती नियमपुस्तके, २००३ सालच्या आवृत्तीची. हा खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. सोंगट्या, पट हे असले तर असले, नसले तरी अडत नाही. चारपाच जण कोंडाळे करून बसतात. प्रत्येकाचा एक वीर असतो. कोणी योद्धा, कोणी पुजारी, कोणी चोर. एक जण मात्र वीर घेत नाही. तो गुहा, जंगले, सराईतला म्हातारा आणि सगळे राक्षस सांभाळतो. त्याला डंजन मास्टर म्हणतात. थोडक्यात, आमच्या दंडारीत एकच माणूस सोंगे बदलून येतो ना, तसे. सोंगे माझ्याकडे आली.

आता या पुस्तकात एक मजेदार नियम आहे. २००० साली खेळाची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्यात ‘फीट’ नावाची गोष्ट आली. आम्ही तिला ‘हुन्नर’ म्हणतो. माणसाच्या अंगी ताकद, चपळाई वगैरे असतेच. त्याखेरीज एखादी खास गोष्ट त्याला साधलेली असते, तो हुन्नर. वीरांना हुन्नर मिळतात, तसे राक्षसांनाही मिळतात. राक्षस जितका मोठा तितके त्याचे हुन्नर अधिक. बुढ्या ड्रॅगनला ते ठेवायला जागा पुरत नाही. पण गॉब्लिन, कोबोल्ड अशी जी किरकोळ मंडळी, खेळाच्या पहिल्या पायरीवरच्या नवख्या वीरांनी ज्यांच्यावर हात साफ करून घ्यायचा, त्यांच्या वाट्याला हुन्नर येतो एक. फक्त एक. आणि पुस्तकाने गॉब्लिन, कोबोल्ड आणि ऑर्क या तिघांनाही सरसकट एकच देऊन टाकला आहे : सावधपणा. चाहूल लवकर लागते, एवढाच त्याचा फायदा. तीन जातींचे तीन जीव, तिघांचे राहणे वेगळे, खाणे वेगळे, आणि हुन्नर मात्र शाळेच्या गणवेशासारखा एकाच ताग्यातून फाडलेला! तो बदलून देण्याची मुभा मास्तरला असते. मी विचार केला, बदलून तर पाहू.

प्रथम मी हौशी माणसासारखा भारीतले हुन्नर शोधू लागलो. लवकरच ध्यानात आले की गरिबाला भारी हुन्नर परवडत नाही. ‘जोरकस घाव’ नावाचा एक झकास हुन्नर आहे, पण त्यासाठी अंगात तेरा बळ लागते आणि गॉब्लिनच्या अंगात असते अकरा. म्हणजे अर्जच बाद. ‘शस्त्रात हात बसणे’ घ्यावे, तर त्याने वीस चिठ्ठ्यांत एका चिठ्ठीचा फरक पडतो. (वीस बाजूंचा फासा दर्यापुरात मिळेना. मोबाईलमध्ये फासे टाकता येतात, पण त्यावर आमच्यापैकी कोणाचाच विश्वास बसेना. म्हणून स्टीलच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या घालून आम्ही त्या ओढतो.) ज्याला आयुष्यात एकंदर दोनच घाव घालायला मिळणार, त्याला विसात एकाचा फायदा काय कामाचा? खल्लारचा आमचा मित्र म्हणाला ते अगदी खरे : “त्याले का जिंदगीभर जगाचं हाय बे? दोन मिनिटाचा पाव्हना तो.”

दोन मिनिटेही नाहीत! या खेळातली लढाईची एक फेरी सहा सेकंदांची धरतात, आणि गॉब्लिन तिसऱ्या फेरीला क्वचितच उभा दिसतो. अठरा सेकंदांच्या आयुष्यात कोणता हुन्नर उपयोगी पडेल? प्रश्न असा मांडल्यावर उत्तरे सुचू लागली. ‘पहिला हात’ घेतला तर निदान मरण्यापूर्वी एक घाव घालता येतो. कोबोल्डला बळ नसते, पण चपळाई असते. त्याला बळाऐवजी चपळाईने शस्त्र चालवण्याचा हुन्नर दिला की त्याच्या घावात विसात दोनचा फरक पडतो. आणि एक हुन्नर असा आहे, ज्याला मोठमोठे खेळाडू हसतात. इंग्रजीत टफनेस, आम्ही त्याला ‘चिवटपणा’ म्हटले. त्याने प्राणांक तीनने वाढतात, बस्स. शंभर प्राणांकांच्या वीराला तीनचे काय कौतुक? पण गॉब्लिनजवळ मुळात असतात पाच. पाचाचे आठ होतात. तलवारीचा मार एक ते आठ, त्यात चांगल्या योद्ध्याच्या मनगटाचे तीन मिळवा. पाच प्राणांकांचा गॉब्लिन आठातल्या सात वेळा एका घावात संपतो. आठ प्राणांकांचा आठातल्या चार वेळा. गणिताशी माझे कधी जुळले नाही, पण हे गणित मी रात्री दोन वेळा करून पाहिले. श्रीमंताच्या ताटातली कोशिंबीर ती गरिबाची भाजी, असा काहीसा हा प्रकार आहे.

एवढ्यावरही माझे समाधान झाले नाही. हुन्नर हा काय फक्त हिशेबाने द्यायचा? मग आमच्या पुराणांनी हे काम कसे केले आहे, ते आठवू लागलो. आमच्या गावी भागवत सप्ताह होतो. बाळकृष्णाला मारायला कंसाने एकेक करून पाठवलेले सगळे असुर लहानपणापासून माझ्या ओळखीचे आहेत. ते सारे पहिल्या पायरीवरचे राक्षसच नव्हेत काय? आणि गंमत पाहा, प्रत्येकाला एकच हुन्नर आहे, पण कोणाचा कोणाशी जुळत नाही. पूतनेजवळ विषारी दूध. तृणावर्ताजवळ वावटळ. अघासुर नुसता तोंड उघडून पडून राहतो आणि पोरांना वाटते, ही डोंगरातली गुहाच आहे. व्योमासुर तर पोरांच्या खेळातच शिरतो! कोणी मेंढरे झालेली, कोणी राखणदार, कोणी चोर. हा चोर बनून एकेक ‘मेंढरू’ पळवतो आणि गुहेत कोंडून तोंडाशी धोंडा लावतो. प्रलंबाची कथा मला सर्वांत आवडते. हरलेल्याने जिंकलेल्याला खांद्यावर घ्यायचे, असा डाव असतो. प्रलंब हरतो, बलरामाला खांद्यावर घेतो आणि पळत सुटतो. त्याचा हुन्नर एवढाच, की तो उचलून पळतो. आणि त्याचा घात होतो तोही तिथेच. खांद्यावरचे ओझे इतके जड होते की त्याला पळता येईना. हुन्नर आणि त्याची खोट एकाच जागी ठेवणारा तो रचनाकार कोण असेल, त्याला माझे साष्टांग दंडवत.

रामायणातला कबंध त्याहून वरचढ. इंद्राच्या वज्राने त्याचे डोके आणि पाय धडात गेले. दीर्घायुष्याचे वरदान तर होते. मग हा खाणार काय? म्हणून इंद्रानेच त्याला योजनभर लांब हात दिले आणि पोटात तोंड दिले. बसल्या जागी हात फिरवायचा आणि सापडेल ते तोंडात घालायचे. हे वाचले आणि मला माझे सूत्र सापडले. या राक्षसाला भारी काय दिसेल, हे विचारायचेच नाही. हा राक्षस पोट कसे भरतो, ते विचारायचे. हुन्नर आपोआप समोर येतो.

आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, त्यात काय नवल. तिच्या भुतांच्या दुनियेत हे सारे आधीपासूनच लागलेले आहे. मुंज्याने पिंपळ सोडायचा नाही. चकव्याने तर कोणाला बोटही लावायचे नाही. “चकव्याले तलवार नाही लागत बापा. तो फक्त वाट फिरवते. मानूस रातभर त्याच वावरात गोल गोल फिरते. बसून राह्यलं का संपला तो.” एका ओळीत हुन्नर, त्याचा परिणाम आणि त्यावरचा उतारा! अमेरिकन पुस्तकाला याच गोष्टीसाठी अर्धे पान लागते. त्याच लोकांनी १९७७ सालच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये आपला राक्षसही नेला आहे, ‘राक्षस’ याच नावाने. त्याला वाघाचे डोके लावले आणि चित्रात हाती चिलमीसारखा पाइप दिला. मंत्रून दिलेला बाण लागला की तो मरतो. चित्र मोठे ऐटबाज आहे, पण आजीला दाखवले तर ती म्हणाली, हा तर जमीनदार दिसते.

परदेशातही माझ्यासारखे लोक आहेत, हे वाचून धीर आला. १९८७ साली ‘ड्रॅगन’ नावाच्या मासिकाच्या संपादकीयात टकर नावाच्या एका मास्तरच्या कोबोल्डांची हकीकत आली होती. जीव तोच, चिल्लर. पण त्याने त्यांना अक्कल दिली. ते समोर येतच नसत. अरुंद बोळांतून बाण मारत, आगी लावत, वाटा अडवत. मोठमोठे वीर पुढच्या मजल्यावरचे अक्राळविक्राळ राक्षस परवडले, पण हे कोबोल्ड नकोत, असे म्हणत पळू लागले. गनिमी काव्याच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला यात नवे काही वाटू नये, पण आनंद झाला खरा. पुढे २००८ च्या चौथ्या आवृत्तीत राक्षसांचे हुन्नर वेगळे मांडण्याची पद्धतच गेली. जे काय असेल ते त्यांच्या टिपणातच छापून येऊ लागले. सुटसुटीत झाले म्हणतात. होईना का. आम्ही जुनेच पुस्तक चालवतो.

मग मी आमच्याच मुलखात गॉब्लिन वसवले. मूर्तिजापूर–अचलपूर या शकुंतलेच्या अरुंद रुळांवरचे एक ओसाड स्टेशन कल्पिले, शेजारी नाला, नाल्यावर दोरांचा पूल. पुलाजवळचे गॉब्लिन येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चाहुलीवर जगतात. त्यांचा सावधपणा तसाच ठेवला. स्टेशनात राहणारे डब्यातून सांडलेले दाणे वेचतात, पहिला पोहोचेल त्याचे पोट भरते. त्यांना पहिला हात. आणि पलीकडच्या उघड्या रानातले चौघे, ज्यांना ना छप्पर ना धड पाणी, त्यांना चिवटपणा. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही. हरभरा पेरला की तो काळ्या मातीतल्या ओलीवर आणि दवावर उभा राहतो, पुन्हा त्याला कोणी घोटभर पाजत नाही. त्या चौघांचे टिपण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तो हरभरा होता.

आता जे सांगायचे ते येवद्याच्या मित्राबद्दल. आम्ही एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारतो, म्हणून तो येवदा. त्याचा योद्धा खंडेराव. गेल्या पौषात येवद्याच्या वडिलांच्या अंगावरून वारे गेले. घरी आई आणि धाकटी बहीण, आणि रानात हरभरा उभा. तो कॉलेज सोडून निघाला. आम्ही खोल्याखोल्यांतून काही पैसे जमवले होते. त्याने ते मोजलेसुद्धा नाहीत; ज्याचे त्याला परत देऊन आला. शनिवारी रात्री शेवटचा डाव मांडायचा ठरले. सोमवारी त्याची एस. टी. होती.

शनिवारी दुपारी मी टिपणे घेऊन बसलो होतो. खल्लार येऊन हळूच म्हणाला, “मास्तर, आजच्या दिवस त्या चौघायचा चिवटपणा काढ ना बे. पोरगं जिंकून जाऊ दे.” मागणी गैर नव्हती. सावधपणा परत लावला असता तर पुस्तकाप्रमाणेच झाले असते, कोणी काही म्हणू शकले नसते. मी पेन्सिल हातात घेऊन बराच वेळ बसलो. तेवढ्यात येवदा स्वतःच आला. त्याला कोणी काही सांगितले नव्हते, पण तो आम्हा सर्वांना ओळखून होता. “मी जातो म्हनून मले सोडजो नोको,” तो म्हणाला. “खरं मारजो.”

मी टिपणाला हात लावला नाही.

रात्री साडेदहाला खंडेराव एकटाच नाल्यापलीकडे पोहोचला आणि मागे दोर तुटला. खल्लारचा पुजारी अलीकडे अडकला; दोनदा पुरात उतरला आणि दोनदा काठाला लागला. पलीकडे चार गॉब्लिन. खंडेराव फार सुंदर लढला. एक पडला, दुसरा दोन घावांत पडला, तिसरा पडला. चौथ्यावर घाव बसला. माराच्या चिठ्ठीत चार निघाले, मनगटाचे तीन, एकूण सात. खोलीत सगळे ओरडले. मी म्हणालो, उभा आहे. एक प्राण शिल्लक आहे.

कोणी काही बोलले नाही. खंडेरावजवळ तीन उरले होते. गॉब्लिनचा सोटा लागला आणि पाच गेले.

शून्याखाली गेलेला वीर लगेच मरत नाही. उणे दहापर्यंत तो रक्त सांडत पडून असतो. दर फेरीला एक चिठ्ठी ओढायची. एकोणीस किंवा वीस आले तर रक्त थांबते, नाहीतर एक प्राण आणखी जातो. खंडेराव उणे दोनवर होता. म्हणजे आठ चिठ्ठ्या. आठांत एकदा तरी सुटका होण्याची शक्यता शंभरात ५७ असते, हे मी नंतर काढले. त्या वेळी डबा येवद्याच्या मांडीवर होता आणि तो एकेक चिठ्ठी उघडून वाचत होता. सात. तीन. बारा. तिसरी वाचून खल्लारने ती हळूच आपल्या मुठीत ठेवली. निघालेल्या चिठ्ठ्या डब्यात परत टाकल्या नाहीत तर एकोणीस-वीस येण्याचा संभव वाढत जातो. पहिल्यापासून तसे केले तर शंभरात ६५ होतो. येवद्याने त्याच्याकडे पाहिलेही नाही. नुसता हात पुढे केला. “टाक बे वापस,” म्हणाला. खल्लारने टाकली. नऊ. सोळा. एक. अठरा! अठराला कोणीतरी हाय म्हटले. शेवटची चिठ्ठी त्याने डबा दोनदा हलवून काढली. पाच.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “त्या चौथ्याचं कागद दाखव.” मी दिले. त्याने ओळ न् ओळ वाचली. प्राणांक आठ. हुन्नर, चिवटपणा. त्यापुढे मी कंसात ‘उघड्यावर राहतात’ असे लिहिले होते, त्यावर त्याचे बोट थांबले. “बरोबर हाय,” तो म्हणाला. “आता हा माह्या.”

आणि मग तो गॉब्लिन झाला! नियमात असे कुठे आहे की नाही, कोणी विचारले नाही. त्याने त्याचे नाव बारक्या ठेवले. बारक्याने प्रथम खंडेरावची तलवार उचलली. ती त्याच्या उंचीला मोठी होती, म्हणून ती फरफटत नेली. नाल्याच्या अलीकडून पुजारी ओरडत होता, शिव्या देत होता, दगड मारत होता. एका प्राणावर असलेला तो जीव लढला नाही, चिडला नाही, रानातून रानात सरकत राहिला. पुजाऱ्याला त्याने अशी हूल दिली की खल्लार खरोखरच चिडला आणि आम्ही हसून हसून लोळलो. पहाटे तीनला डाव उठला तेव्हा बारक्याला कोणी पकडले नव्हते.

सोमवारी आम्ही त्याला स्टँडवर पोहोचवले. बारक्याचे टिपण त्याने घडी करून वरच्या खिशात घातले होते. मी नक्कल ठेवून घेतली.

माघात एकदा रात्री अकराच्या सुमारास त्याचा फोन आला. रानात जागलीला होता. वडील आता धरून बसू शकतात, हरभऱ्याला घाटे बरे लागलेत, असे सांगून झाले. मग म्हणाला, “मास्तर, बारक्याले दुसरा हुन्नर कधी भेटते?”

मी म्हणालो, तिसऱ्या पायरीवर. अजून दोन चढायच्या आहेत.

“मंग सावधपना ठेव त्याच्यासाठी,” तो म्हणाला. “इथं रात्री रोही येतेत, पाय वाजत नाही त्याइचा.”

मी नकलेवर पेन्सिलीने तसे लिहून ठेवले आहे.